किरकोळ दुरुस्त्या

“ह्यात पत्ते आहेत!” वरिष्ठ प्राध्यापकांनी पुस्तक टेबलावर आपटलं. “लाल राणी काय, काळा गुलाम काय! हे विद्यापीठ आहे की पत्त्यांचा क्लब?”

हे पुस्तक नव्या बाईंनी सुचवलेलं. बाईंना इथे शिकवायला लागून सहा वर्षं झाली होती, पण विभागात त्या अजून ‘नव्या बाई’च होत्या. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी संभाव्यतेचं पाठ्यपुस्तक निवडायचं होतं आणि दुपार त्यातच गेली होती. टेबलावर पुस्तकांची चळत, चहाचे रिकामे कप, भोवती चार माणसं. नियम साधा होता. चौघांचं एकमत झालं तर नवं पुस्तक, नाहीतर जुनंच चालू.

जुनं पुस्तक बाईंना मुळीच नको होतं. ते कुणा निवृत्त विभागप्रमुखांनी लिहिलं होतं, आणि त्यातल्या एका गणिताप्रमाणे उद्या पाऊस पडण्याची शक्यता होती सव्वा. आता शक्यता फार तर एक असते. एक म्हणजे पडणारच. सव्वा म्हणजे पडून वर पाव पाऊस उरणार, तो काय बादलीत भरून ठेवायचा? पण पेपर तपासले जायचे त्याच पुस्तकावरून. खरं उत्तर लिहिणारी पोरं नापास व्हायची आणि सव्वा लिहिणारी पुढच्या वर्गात जायची. यंदा बाईंची सख्खी भाची त्या वर्गात येणार होती. कालच जेवताना तिने विचारलं होतं, “मावशी, मी पेपरात खरं लिहू की सव्वा लिहू?” बहिणीच्या लेकीला आपल्याच तोंडाने खोटं शिकवायचं, ह्या विचाराने त्यांना रात्रभर स्वतःची लाज वाटत होती.

दुसरे प्राध्यापक प्रत्येक पुस्तक तळहातावर घेऊन जोखत होते. मुलं त्यांना ‘तराजू’ म्हणायची ती उगीच नाही. एक पुस्तक फार जड निघालं, पोरांच्या पाठी मोडतील म्हणून बाद. दुसरं फार हलकं, पालक म्हणतील एवढ्याशाची एवढी फी? म्हणून तेही बाद. मग त्यांनी हळूच तिसरं पुढे सरकवलं. ते त्यांच्या साडूने लिहिलं होतं.

“साडूंचं कौतुक घरी करा,” वरिष्ठ म्हणाले.

झालं! दोघांचे चेहरे लाल. विभागप्रमुखांनी घड्याळाकडे पाहत जांभई दिली. “मग जुनंच ठेवू या. निदान सवयीचं तरी आहे.”

बाई हरकत घ्यायला पुढे सरसावल्या.

“थांबा, हे एक राहिलंच की,” तराजूंनी चळतीच्या तळातून एक पुस्तक ओढलं. निळं, गुळगुळीत कव्हर. प्रकाशकाचा माणूस सकाळी इतर प्रतींबरोबर ठेवून गेला होता. तराजूंनी ते तळहातावर दोनदा उडवलं. “वा! वजन कसं अगदी बेताचं.”

वरिष्ठांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी पानं अंगठ्याखालून भर्रकन सोडली. पत्त्याचं चित्र नाही, फाशाचं नाही. “सोवळं पुस्तक आहे हो!”

विभागप्रमुखांनी उलटं करून मागचं कव्हर मोठ्याने वाचलं. “‘क्लिष्टतेला पूर्ण फाटा.’ बघा, मी वर्षानुवर्षं हेच सांगतोय. आक्षेप घ्यावा असं एक वाक्य सापडायचं नाही ह्यात.”

शेवटी पुस्तक बाईंकडे आलं. बाईंना एक वाईट खोड होती. त्या पुस्तक वाचायच्या.

पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. त्यांनी मधलं उघडलं, तेही कोरं. अगदी शेवटी, कोपऱ्यात, एक बारीक शिक्का होता: ‘कागद व बांधणीचा नमुना. लेखक व मजकूर ठरायचे आहेत.’

हसू ओठांपर्यंत आलं ते बाईंनी आवंढ्याबरोबर गिळलं. सांगावं? सांगितलं तर तिघांची शोभा होणार. आणि शोभा झालेली माणसं रागाने जुनंच पुस्तक उचलणार, हे सांगायला ज्योतिषी नको. न सांगावं, तर पोरांच्या हाती कोरी पानं. पण कोरं पान निदान खोटं तरी बोलत नाही. आणि मग त्यांना कपाटातले आपले कागद आठवले. सहा वर्षं वर्गासाठी एकेक करून लिहिलेले धडे, पडताळून पाहिलेली गणितं. ह्याच समितीने ते मागे परत केले होते. सुटे कागद म्हणजे काही पुस्तक नव्हे, म्हणाले होते, पुस्तकाला पुठ्ठा लागतो.

पुठ्ठा आता हातातच होता.

“काय नव्या बाई? तुमचं नेहमीसारखं काहीतरी असेलच,” विभागप्रमुख म्हणाले.

“नाही सर, मला पसंत आहे. फक्त एक विनंती. छपाईच्या आधी किरकोळ दुरुस्त्या करायच्या झाल्या, तर ते काम माझ्याकडे असावं.”

तिघांचेही चेहरे खुलले. कामाचं घोंगडं आपण होऊन गळ्यात घेणारं माणूस कोणाला नको असतं? भराभर हात वर झाले, सह्या झाल्या, खुर्च्या सरकल्या. दारापाशी पोचलेले विभागप्रमुख मात्र बोट उगारून मागे वळले.

“पण किरकोळच हं, बाई! तुम्हाला पाल्हाळ लावायची सवय. मूळ मजकुराला धक्का लागता कामा नये, सांगून ठेवतो.”

“छे हो, सर,” बाई पुस्तक छातीशी धरून म्हणाल्या. “मूळ मजकुरातलं एक अक्षरसुद्धा बदलणार नाही.”