आज मोठी भट्टी बंद

नवी गाडी शेडमागं नेऊन तिच्यावर ताडपत्री टाकून झाली, तेव्हा नेमिनाथ अण्णांनी बोटातली अंगठीही काढून खिशात टाकली.

"मोठी भट्टी विझवली का?"

"विझवली की," फाटकावरचा पिराजी म्हणाला. "पर अण्णा, कुणी गेल्यागत वाटायलंय."

"वाटू दे. तेच पायजे."

छोट्या फौंड्र्यांना धूर गाळायचं यंत्र सक्तीचं करणारा नियम येऊ घातला होता. तो लागू झाला तर कारखानदारांचं किती नुकसान होईल, याचा अभ्यास करायला पुण्याच्या एका संस्थेची माणसं या आठवड्यात शिरोलीत येणार होती. दिवस कळवलेला नव्हता. नमुना म्हणून त्यांनी अण्णांची फौंड्री निवडली होती. नुकसान मोठं दिसलं तर सगळ्यांनाच सूट मिळणार होती.

यंत्र अण्णांना झेपलं नसतं असं नाही. पण कारखानदारांच्या संघटनेच्या बैठकीत त्यांनी शब्द दिला होता: सूट मी आणतो, नाहीतर अध्यक्षपद सोडतो. त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले विजयसिंह तेव्हा नुसतेच "बघू की" म्हणाले होते. ते "बघू की" अण्णांना अजून टोचत होतं.

अण्णांचा मुलगा अरिहंत असता तर आज मदत झाली असती. पण अण्णांच्या बायकोने, सीताबाईंनी, त्याला घरीच थांबवून घेतलं होतं आणि अण्णांनाही संध्याकाळी लवकर या म्हणून बजावलं होतं. सकाळपासून त्यांचे दोन फोन येऊन गेले. अण्णांनी दोन्ही कापले.

तेवढ्यात पिराजी धावत आला. "अण्णा, पावणं आल्यात."

पन्नाशीचे एक गृहस्थ होते आणि सोबत पंचविशीची मुलगी. गृहस्थ नाव सांगू लागले, तोच अण्णांनी हात जोडून त्यांना खुर्चीवर बसवलं.

"आम्ही म्हटलं, आधी कारखाना बघावा," गृहस्थ म्हणाले. "तसा हिचाच आग्रह."

"व्हय की. त्याच्यासाठीच तर आलायसा."

पिराजीने पाण्याचा तांब्या आणला आणि भांड्यांवर फडकं धरून पाणी गाळून दिलं. मुलगी त्या फडक्याकडे बघत राहिली.

"आमच्याकडेही असंच गाळतात," ती म्हणाली. "पण पाणी गाळता, तसा धूर का नाही गाळत?"

अण्णा सावध झाले. पोरगी हुशार होती. हिलाच पटवायला हवं होतं.

"परवडाय नको का, बाई?"

मग त्यांनी दोघांना गार पडलेली भट्टी दाखवली, मुद्दाम पुढे आणून ठेवलेले गंजके साचे दाखवले. मुलगी बारीकसारीक विचारत होती. घर इथून किती लांब, धूर तिथवर येतो का, घरात माणसं किती, तुमच्यामागे हे सगळं कोण बघणार. अण्णांना संस्थेच्या चिकाटीचं कौतुक वाटलं. कारखान्यावर कोण कोण अवलंबून आहे हे कळल्याशिवाय नुकसान कसं मोजणार?

"माझ्यामागं पोरगा हाय एक," ते म्हणाले. आता त्यांना सूर सापडला होता. "पर त्याला देणार काय, ही राख? नियम लागला की राहतं घर बी विकावं लागंल. आणि पोराच्या डोस्क्यात फार काय न्हाय बगा. दुसरीकडं कुठं चिकटंल असं वाटत न्हाय."

गृहस्थांनी घसा खाकरला. मुलगी मात्र शांतपणे उठली.

"इतकं स्पष्ट सांगितलंत, बरं झालं," ती म्हणाली. "निर्णय घेणं सोपं झालं."

ते दोघे फाटकाबाहेर पडले आणि अण्णांनी पहिला फोन विजयसिंहांना लावला. नियम गेला समजा, म्हणाले, येताना हार घेऊन या. मग अंगठी बोटात गेली. ताडपत्री निघाली, गाडी पुसून फाटकासमोर उभी राहिली. मोठी भट्टी पेटली. धुराचा काळा लोट शेडवर चढला तशी कामगारांनी शिट्टी मारली. अण्णांनी पेढे मागवले आणि पुडा पिराजीच्या हातात दिला. फाटकावर येईल त्याला दे, म्हणाले, आणि सूट मिळाली म्हणून सांग.

फोन वाजला. सीताबाई होत्या. या खेपेला अण्णांनी तो हसत उचलला.

"पोरगी मामाला घिऊन आधी तुमच्याकडंच येऊन गेली म्हणं," सीताबाई म्हणाल्या. "ती येणार हाय हेच सांगाय सकाळी दोनदा फोन केलते. आता मध्यस्थांचा निरोप आलाय, संध्याकाळी बघायला येत न्हाईत. अरिहंतबद्दल काय सांगितलासा तिला?"

अण्णांच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. दारात पिराजी उभा होता, हातात रिकामा पुडा.

"अण्णा, आणि दोघं पावणं आल्यात. पुण्याचं हायत. तुमच्या गाडीपाशी उभारल्यात. पेढं कशाचं म्हणून इचारलं, मी सांगितलं की."