जॅकचा दांडा

सुनेने जॅकचा दांडा उलटा फिरवला. फुस्स आवाज करत गाडी हळूहळू खाली आली आणि चारी चाकांवर बसली.

सासरे अजून गाडीखाली शिरले नव्हते. अंगणातल्या उतरत्या फरशीवर पोतं अंथरून, हातात पाना घेऊन ते नुकतेच गुडघ्यांवर टेकले होते. गाडीचा सायलेन्सर एका बाजूने सुटून लोंबत होता. तो त्यांना बसवायचा होता.

“हे काय केलंस?”

“खाली घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर आत जायचं नाही, बाबा. जॅक फक्त उचलतो. पेलून धरायला घोड्या लागतात.”

“घोडीवर बसायचं वय गेलं माझं.” स्वतःच्या विनोदावर ते एकटेच हसले.

“लोखंडी घोड्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे आहेत. मागून आणते.”

“उन्हात केस पांढरे नाही केले मी. जन्मभर ट्रक चालवला. भर रस्त्यात कोण घोड्या घेऊन येत होतं?”

दारातून सासू म्हणाली, “जाऊ दे गं. त्यांच्या कामात आपण बोलू नये.”

त्या घरात त्यांच्यापुढे कुणीच बोलत नसे.

सासऱ्यांनी दांडा हापसून गाडी पुन्हा उचलली. सुनेने पुन्हा उतरवली. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे केला, तर दांडा जागेवर नव्हता. तो खांद्यावर टाकून सून फाटकाकडे निघाली होती.

“अगं, लोक काय म्हणतील?” सासूने मागून हाक दिली.

“काय म्हणायचं ते म्हणू देत. हेच लोक उद्या खांदा द्यायलाही येतील!”

बोळातल्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली. “वहिनी, कुणाचं डोकं फोडायला निघालात?”

“वाचवायला,” ती म्हणाली आणि थांबली नाही.

परतली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत एकेक घोडी होती आणि दांडा काखेत. फाटकातच ती थबकली.

गाडी पुन्हा उचललेली होती. डिकी सताड उघडी. तिच्यातला छोटा जॅक काढून सासऱ्यांनी गाडीला लावला होता आणि गाडीखालून त्यांचे चपला घातलेले दोन पाय बाहेर आले होते. शेजारी सासू टॉर्च धरून उभी होती.

“मी नको म्हटलं गं,” ती पुटपुटली.

“बाबा, बाहेर या.”

“दोनच बोल्ट राहिलेत.”

सुनेने हातातलं सगळं खाली ठेवलं. ओढणी कमरेला खोचली आणि गाडीच्या पलीकडे जाऊन ती फरशीवर पालथी झाली. दोन चाकांच्या मधून तिला सासऱ्यांचा चेहरा दिसला. ऑइलने माखलेला, घामेजलेला.

“एकटे कशाला? मीपण येते. बोल्ट धरते.”

“मागे हो!”

“का?”

“मागे हो म्हणतो ना!”

“गाडी पडत नाही ना पण?”

पान्याचा आवाज थांबला.

“सांगा ना, बाबा. तुमच्यावर पडत नाही आणि माझ्यावर पडते, असं असतं का?”

मग चपला हलल्या. सासरे सरपटत, कण्हत बाहेर आले. तोंड लालबुंद. सूनही कपडे झटकत उठली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. मान खाली न घालता.

“तोंडाला तोंड देतेस?”

“देते.”

सासऱ्यांनी सगळा राग डिकीच्या झाकणावर काढला. झाकण धाडकन आदळलं. छोटा जॅक कलंडला, गाडीने फाटकाकडे एक हिसका खाल्ला आणि ती दाणकन खाली बसली. सुटलेली सायलेन्सरची नळी पोत्यात रुतली. मघाशी त्यांची छाती होती, नेमकी तिथे.

सासूच्या हातातला टॉर्च तसाच त्या पोत्यावर उजेड टाकत राहिला.

सासरे पायरीवर जाऊन बसले. सुनेने हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. मोठ्या जॅकने गाडी मागून उचलली, दोन बाजूंना दोन घोड्या सरकवल्या आणि गाडी सावकाश त्यांच्यावर टेकवली. तिच्या मदतीला कुणी आलं नाही. तिने कुणाला बोलावलंही नाही.

“सायलेन्सर मीच बसवणार,” पायरीवरून सासरे म्हणाले. आवाज बारीक होता, पण हेका तोच.

“बसवा की. नको कोण म्हणतंय?”

ते उठले, पाना घेतला. वाकणार, तोच सासू म्हणाली, “थांबा.”

तिने टॉर्च सुनेकडे दिला. पदर खोचला. गाडीला दोन्ही तळवे लावले आणि होती नव्हती ती ताकद लावून ढकललं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा. बांगड्या खळखळल्या, चेहरा तापला. गाडी तसूभर हलली नाही.

“आता जा,” ती धापा टाकत नवऱ्याला म्हणाली. “आणि मी हाक मारली की ओ द्यायची.”

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते गाडीखाली सरकले.

“अहो!” तिने लगेच हाक मारली.

खालून नुसता पान्याचा आवाज.

“अहो!” शिंप्याचं मशीन थांबलं, एवढ्या मोठ्याने.

“ओ,” गाडीखालून आवाज आला.