ठकूचा पासवर्ड

"सर, मी 'गृहपाठ' हा पासवर्ड ठेवला, तर उद्यापासून गृहपाठ म्हणजे काय हेच मला आठवणार नाही ना?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शाल्मलीने भर वर्गात विचारलं.

"तुला नाही आठवणार, पण मला आठवेल," संगणकाचे सर म्हणाले. "यंदापासून कळ दाबताना ज्याचा जो पासवर्ड असेल, तो शब्द त्याच्या डोक्यातूनही पुसला जाणार. म्हणजे चोरायला काही उरतच नाही."

अख्ख्या वसाहतीचा संगणक एकच होता आणि सगळ्यांचे पासवर्ड एका झटक्यात बदलायची कळ यंदा शाल्मली दाबणार होती. त्याच तोऱ्यात ती घरी आली.

"ठकू, आधी हात धू," आई म्हणाली.

"आई, तुमचे पासवर्ड काय आहेत गं?"

बाबाच हसले. "दोघांचा एकच. दिवसातून शंभरदा तोंडात येतो, विसरायची भीतीच नाही."

हात धुवायला निघालेली शाल्मली तिथेच वळली. 'ठकू' या नावावरून मैत्रिणी चिडवायच्या, तेव्हा ते एकदाचं जावं असं तिलाच वाटायचं.

"ऐका," ती म्हणाली, "संध्याकाळी कळ मी दाबणारच आहे. त्याआधी तुम्ही दोघांनी पासवर्ड बदलून 'दुधीभोपळा' ठेवायचा. तो शब्द या घरातून गेला तरी मला चालेल."