शेजारणीची प्रार्थना

राकुलनं दारातच बूट काढले. स्वयंपाकघराच्या दाराला हात लावणार तोच आतून सान्नाचा आवाज आला. सान्ना म्हणजे खालच्या घरातली, मासळीच्या कारखान्यात कामाला जाणारी. एरवी तिचा आवाज धक्क्यावरून थेट बोटीपर्यंत पोचायचा. आज तो दबका होता.

"देवा, मला काही नीट बोलता येत नाही. हा हानुस उद्या कोपनहेगनच्या दवाखान्यात जाणार. तिथं त्याचं काळीज उघडणार आहेत. तो टरकलाय. मीपण टरकलेय. च्यायला, दुसरं काही सुचतच नाही... चुकलं, देवा. तू तेवढा त्याच्याजवळ बस. बास."

दाराच्या फटीतून राकुलला दिसलं. हानुसनं मान खाली घातली होती, डोळे गच्च मिटले होते. दोरखंड ओढून राठ झालेले त्याचे हात सान्नाच्या हातात होते.

राकुल होती तिथंच थांबली. आपला नवरा दुसऱ्या बाईच्या मिठीत दिसला असता तर काय करायचं ते तिला कळलं असतं. दोघांना चार शब्द सुनावले असते, त्याचे कपडे अंगणात फेकले असते. याचं काय करायचं?

लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती या माणसासाठी प्रार्थना करत होती. जेवणाआधी करत होती, त्याची बोट समुद्रात असताना करत होती, प्रार्थनाघरात सगळ्यांदेखत करत होती. आत्ताही ती तिथूनच आली होती. बायांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून हानुसच्या तारणासाठी देवाला विनवलं होतं. आणि हानुस? टेबलाशी तिची प्रार्थना चालू असताना तो काटा हातात धरून बटाट्यांकडे बघत बसायचा. अदबीनं, समोरच्याचा फोन संपायची वाट बघावी तसा.

आणि या सान्नाला देव भेटून जेमतेम एक हिवाळा झाला होता. बायबलात योना कुठं आणि योहान कुठं हेही तिला अजून सापडत नव्हतं.

राकुलनं दार ढकललं.

सान्ना ताडकन उठली. "अगं, मी बरणी परत द्यायला आले होते. तुझ्या जॅमची. तर हा असा एकटाच बसलेला, मग म्हटलं..."

"दिसलं मला."

"रागावलीस?"

"मी कशाला रागावू? देवाचंच काम झालं." राकुलनं आपली पर्स सान्नाच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

शेगडीवर किटली वाफ सोडत होती. बेटावरच्या त्या गावात दारात आलेल्याला कॉफी विचारल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही. राकुलनं हात लांब करून शेगडी बंद केली.

सान्नानं ते पाहिलं. तिनं हानुसच्या पाठीवर थाप मारली. "येते रे म्हाताऱ्या. परत आलास की सांग, नवं काळीज बसवलं की जुनंच धुऊन दिलं." आणि ती गेली.

"तिला कॉफी का नाही दिलीस?" हानुसनं विचारलं.

राकुल त्याचे लोकरी मोजे बॅगेत कोंबत होती. "इतकी वर्षं माझे गुडघे झिजले. आणि ती येते काय, देवासमोर शिव्या देते काय, आणि तू तिच्यापुढं डोळे मिटतोस!"

"तिच्यापुढं नाही मिटले."

"मग माझ्या वेळी का नाही मिटलेस? एकदा तरी?"

हानुसला आता बोलतानाही दम लागायचा. तो थांबत थांबत म्हणाला, "तू प्रार्थनेला सुरुवात केलीस की मला वाटायचं, मास्तरांकडं माझी चहाडी चाललीय. हानुसला सुधार. हानुसचं मन मऊ कर. तू त्यात कुठंच नसायचीस. नुसता मी आणि माझी पापं. ती म्हणाली, मीपण टरकलेय. मला वाटलं, चला, मग दोघं मिळून विचारू."

"म्हणजे जन्मभर मी पेरायचं, आणि तिनं येऊन एका दुपारीत कापून न्यायचं." राकुलचा आवाज फाटला.

"मला कुणी कुठं नेलंय? इथंच बसलोय की."

हानुसनं दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

"आता हे काय?"

"वाट बघतोय. सकाळी निघायचंय. बोल."

राकुल त्याच्यासमोर बसली. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली वाक्यं आपोआप ओठांवर आली. हे दयाळू पित्या, तुझ्या या भरकटलेल्या लेकराला... तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

खिडकीतून खालचं अंगण दिसत होतं. सान्ना वाऱ्याशी झोंबत दोरीवरच्या चादरी काढत होती. एक चादर तिच्या तोंडावरच येऊन बसली, तर बाई एकटीच खदखदून हसली. राकुलच्या छातीत आग पेटली.

तिनं खिडकीवरून नजर काढली आणि हानुसच्या तळव्यावर आपली बोटं ठेवली. तळवा बर्फासारखा गार होता.

"देवा," ती म्हणाली, "मला ती बाई बघवत नाही."

हानुसनं डोळे उघडले नाहीत. फक्त तिची बोटं मुठीत घेतली.

"हं," तो म्हणाला. "पुढं?"