तीन व्होल्टचा बल्ब

"आधी वाच, एका सेलवर किती व्होल्ट लिहिलेत?" अण्णांनी विचारलं.

लेकीने सेल खिडकीकडे धरला. "तीन पॉइंट सात."

"आणि दोन्ही टॉर्चमध्ये घालायला निघाली होतीस. माझा बल्ब तीन व्होल्टचा. एकदाच पेटेल, अगदी झकास पेटेल, आणि खेळ खलास."

चार्जिंगचे सेल तिनेच आणले होते. दर पंधरवड्याला अण्णांनी भिंत चाचपत तीन जिने उतरायचे आणि साधे दीड व्होल्टचे सेल विकत आणायचे, हे तिला बघवत नव्हतं. आकार तोच, म्हणजे काम तेच, असं धरून चालली बिचारी. चाळीस वर्षं टॉर्च दुरुस्त केलेल्या माणसाच्या लेकीला एवढं कळायला हवं होतं. पण अलीकडे तिच्या डोक्यात दुसरं काही मावतच नव्हतं.

छातीत गाठ निघाली होती. दवाखान्यातलं तिसरं इंजेक्शन होऊन दहा दिवस झाले होते. अण्णांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही, असं तिने भावाकडूनही कबूल करून घेतलं होतं. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला लावायचा? केस गेलेल्या डोक्याला घट्ट रुमाल बांधून ती आली आणि आल्यापासून दाराजवळची खुर्ची धरून बसली. पाचची बस होती.

तसं अण्णांना समोर बसूनही काही दिसलं नसतं. डोळे जवळजवळ गेलेच होते. टॉर्च अगदी टेकवून धरला तर औषधाच्या बाटलीवरचं एकेक अक्षर लागायचं, तेवढंच. लेकाने नवे पांढरे टॉर्च दोन आणून दिले, पण त्यांचा उजेड नुसता टोचायचा. मानवायचा तो हा जुना पिवळाच. त्याचे बल्ब आता कुणी बनवत नाही. डब्यातले एकेक करून संपले. टॉर्चमध्ये होता तो शेवटचा.

अण्णांनी खण चाचपून लाकडी दांडीचा एक तुकडा काढला. बरोब्बर सेलएवढा कापलेला, मधून तांब्याची तार ओवलेली.

"हा खोटा सेल. एक खरा, एक हा. नुसती जागा अडवतो. वीज पुढे जाऊ देतो, स्वतःचं काही घालत नाही. अगदी तुझ्या भावासारखा."

ती हसली. हसू मध्येच खोकल्यात गेलं आणि तिने तोंडावर हात दाबला. अण्णांचे हात थांबले.

"आवाज बारीक झालाय तुझा."

"सर्दी आहे हो जराशी."

"मागच्या खेपेलाही सर्दीच होती."

त्यांनी टॉर्चचं झाकण फिरवलं, बटण दाबलं. पिवळा उजेड भिंतीवर पडला, मग सरकत तिच्याकडे आला. तिने मान खिडकीकडे वळवली. एवढ्या लांबून त्यांना फक्त रुमालाचा ठिपका दिसला असणार.

"चालला ना नीट? मग मी निघते. बस चुकायची."

"ठकू, बरी आहेस ना?"

"ठणठणीत."

अण्णा उठले, खुर्च्यांच्या पाठी धरत तिच्यासमोर येऊन उभे राहिले. टॉर्चचं झाकण पुन्हा उघडलं, लाकडाचा तुकडा तळहातावर पाडला आणि खिशात टाकला. त्याच्या जागी दुसरा सेल सरकवला. या कामाला त्यांना डोळे कधीच लागले नव्हते.

"अण्णा, दोन्ही खरे घातलेत तुम्ही."

"माहीत आहे."

"शेवटचा आहे ना तो बल्ब? उद्यापासून औषधं कशी वाचणार?"

"इकडे बघ."

तिला तोंड फिरवता आलं असतं. हात मध्ये घालता आला असता. पण गेले तीन महिने सगळ्यांशी खोटं बोलून बोलून ती इतकी दमली होती, की तिने नुसती मान वर केली. तेवढ्यासाठीसुद्धा बळ लागलं.

अण्णांनी टॉर्च तिच्या तोंडापासून वितीवर आणला आणि बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला. त्या टॉर्चमधून असा उजेड कधी आलाच नव्हता. ओठांच्या भेगा, आत गेलेले गाल, सगळं एकदम समोर आलं. तिने डोळे मिटले नाहीत. मग काचेत बारीकसं काही तुटल्यासारखं वाजलं आणि बल्ब गेला.

अण्णा विझलेला टॉर्च तसाच धरून उभे होते. खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकीला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती. लेक वाट बघत राहिली. काय विचारतील, आपण काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची.

"भुवया पेन्सिलीने काढल्यास ना," अण्णा हळूच म्हणाले, "त्यातली डावी जरा वर गेलीये."