अकराचा कप

“इथे कोण ओळखतं तुम्हाला, बाबा? चला माझ्याकडे,” लेकीचं पालुपद कालपासून चालूच होतं. “कॉफीवाली ओळखते. अकराच्या ठोक्याला न सांगता माझा कप भरते,” घड्याळजी ताठ्यात म्हणाले. “दाखवा. नाही ओळखलं तर सामान बांधायचं,” लेकीने पैज लावली; आणि ‘निदान माणसात दिसा’ म्हणत सकाळीच त्यांची पांढरी दाढी सफाचट करवली. अकराच्या ठोक्याला दोघं कॉफीच्या दुकानात काउंटरपुढे उभी राहिली. कॉफीवालीने वर पाहिलं. “काय देऊ?” लेकीने भुवई उंचावली. “दोन कॉफी,” ते पुटपुटले आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीकडे वळले. टेबलावर कप आधीच वाफाळत होता. तोच मागून कॉफीवाली ओरडली, “अहो, तिथे नको! ती आमच्या दाढीवाल्या आजोबांची जागा आहे. येतीलच एवढ्यात.” घड्याळजींचा हात हनुवटीवर गेला. लेकीने खुर्ची मागे ओढली. “बसा, बाबा. हरले मी.”