गच्चीवरची म्हैस

"आणि मग रखमानं तिची म्हैस जिन्यानं थेट गच्चीवर आणली," श्यामकांत म्हणाले.

मटार सोलता सोलता वृंदाचा हात थांबला. "बाबा, म्हैस नव्हती हो, शेळी होती. म्हैस जिना चढेल का?"

"तू मध्ये बोलू नकोस." ते जरा चिडूनच म्हणाले आणि पुन्हा पलंगाकडे वळले. "तर उमा, ती म्हैस…"

उमाताई उशीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर बारीकशी आठी, बाकी काही नाही. पंच्याण्णवच्या दिवाळीच्या तोंडावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं काही 'हं'च्या पुढे जाईना. आणि ही बाई म्हणजे सगळ्या मांजर्लीत गोष्ट सांगायला पट्टीची. साधं कुणाचं बारसं त्यांनी सांगावं आणि शेजारणींनी गॅसवरचं दूध विसरावं. श्यामकांत अंबरनाथच्या कारखान्यात मोठे अधिकारी, पण घरात त्यांना दोन वाक्यांपुढे जायची मुभा नव्हती. तिसऱ्याला ठरलेलं असे, "तुम्ही राहू द्या, मी सांगते."

आता तेच सांगत. वृंदा दर रविवारी कल्याणहून माहेरी आली की एकच गोष्ट चाललेली असे. ती सहावीत असताना उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं आणि अख्खी इमारत गच्चीवर जाऊन बसली, ती. पण दर खेपेला तिच्यात काहीतरी बिघडलेलं. आधी कुकरातल्या खिचडीचं मटण झालं, तेही ऐन श्रावणात. मग मागच्या चाळीतली रखमा उल्हासनगरची निघाली. आज तर म्हैस.

वृंदाला काळजी पडली. आई ही अशी, त्यात बाबांचंही डोकं चालेनासं झालं तर दोघांना बघायचं कुणी? आईच्या गोळ्या तेवढ्या ते न चुकता देत, एवढाच दिलासा. तिनं कल्याणच्या डॉक्टरांकडे त्यांच्यासाठी मंगळवारची वेळ घेऊन ठेवली होती. फक्त त्यांना सांगायचा धीर होत नव्हता.

"पाणी वाढतच होतं," श्यामकांत पुढे म्हणाले. "आणि तू, उमा, पदरात तोंड खुपसून रडायला लागलीस. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना."

"खोटं."

शब्द जडच आला, पण आला. वृंदाच्या मांडीवरचं ताट कलंडलं.

"मी… नाही रडले." उमाताईंचा चेहरा रागानं लाल झाला होता. "तुम्ही. तुम्ही रडलात."

"छे. म्हैस बघून मी कशाला रडेन?"

"शेळी. शेळी होती. टाय… तुमचा टाय खाल्ला तिनं. म्हणून." त्यांनी दम घेतला. "तुम्ही राहू द्या. मी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. अडखळत, एकेका शब्दासाठी हवेत हात फिरवत, पण क्रम न सोडता. आधी पाणी, मग कुकर, मग रखमा, मग शेळी. टायपाशी आल्यावर त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. वृंदा लहान मुलीसारखी त्यांच्या कुशीत शिरली आणि पोटभर रडली. आई परत आली होती.

बऱ्याच वेळानं ती स्वयंपाकघरात गेली. श्यामकांत पाठमोरे उभे राहून चहा गाळत होते आणि मधूनच बाहीनं डोळे पुसत होते. आईचं मार्गी लागलं होतं. आता बाबांचंही बोलून टाकावं, असं तिनं ठरवलं.

"बाबा, मंगळवारी जरा वेळ काढाल?"

"मंगळवारी नको गं, दोन दिवस तिला आराम पडू दे." बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. "येत्या रविवारी आमच्या लग्नाची गोष्ट काढतो. नवरीचं नाव चुकवून बघतो."